धर्माजीची गुप्त दवंडी

धर्माजी म्हात्र्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे करंजखाडीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाची त्याबद्दल तक्रारही नव्हती. उलट, पंचायतीनं त्याला शिपाई नेमला तो याच गुणावर.

मांडव्याहून किनारा धरून दक्षिणेला चालत निघालं की नारळीच्या वाड्या संपता संपता एक खाडी आडवी येते. तिच्या अलीकडच्या काठावर हे गाव. पुढे वाड्या, मागे भाताची खाचरं, मधे बहिरीदेवाचं देऊळ. गावाला पंचायत मिळाली, पंचायतीला एक शिपाई मिळाला आणि त्या शिपायाला देवानं गळा दिला. बाकी काही फारसं दिलं नव्हतं. अंगानं किडमिडीत, धोतर कायम एका बाजूला लोंबणारं. पण डफावर थाप मारून तो "ऐका हो ऐका" म्हणाला, की खाडीपलीकडच्या गावातले लोकही हातातलं काम टाकून ऐकत, आणि यात आपल्या कामाचं काही नाही म्हणून चिडत.

लोक दवंडीला जमत ते मात्र सरकारी मजकुरासाठी नव्हे. धर्माजीच्या दवंडीला शेपूट असे. "ऐका हो ऐका! मंगळवारी देवी टोचनारा डाक्तर येनार हाय, समद्यांनी पोरं घिऊन देवळात यायचं हो!" एवढं झालं की तो दम घेई, आणि मग सूर जरा खाली आणून म्हणे, "आनि जाता जाता सांगतो, सोनाबाईच्या वाडीत काल फनस फोडला, चांगला कापा निघाला. आनि चंदर गुरवाची सासू आलीय, पंधरा दीस ऱ्हानार म्हनते." चंदर गुरवाला सासू पंधरा दिवस राहणार हे पहिल्यांदा असं भर रस्त्यात कळलं. सरकारी बातमी लोक एका कानानं ऐकत, शेपटाला मात्र दोन्ही कान टवकारत.

असं सगळं सुखात चाललं असताना, साधारण सव्वीस साली, विश्वंभरपंत सरपंच झाले.

विश्वंभरपंतांनी सगळी उमर मुंबईला एका सरकारी कचेरीत कारकुनी केली होती. पेन्शन घेऊन ते आपल्या वाडीत परतले, ते एक काळी छत्री आणि 'गोपनीय' हा शब्द घेऊन. माणूस सज्जन, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण टपालातून आलेल्या पाकिटाकडेही ते असं बघत, की पाकिटालाच आपलं काही चुकलं असं वाटावं. सरकारनं नुकताच गुपितांचा कायदा केला होता, तो त्यांनी वर्तमानपत्रात वाचला होता. जे दिल्लीला चालतं ते करंजखाडीला का चालू नये, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"पंचायतीचं बोलणं पंचायतीबाहेर जाता कामा नये," ते पहिल्याच सभेत म्हणाले. "प्रत्येकानं तसा करार करून द्यावा. स्टॅम्प कागदावर."

पंच एकमेकांकडे बघायला लागले. कागदावर अंगठा उठवल्यामुळे कोणी काही करायचं थांबलंय असं करंजखाडीत आजवर घडलं नव्हतं. शेवटी पंचांपैकीच कोणीतरी म्हणालं की कागद राहू दे, नारळ उचलू. बहिरीदेवापुढं नारळ उचलून शब्द दिला की तो मोडायची गावात कोणाची छाती होत नसे. पंतांना ही कल्पना फार आवडली. देव साक्षीदार असलेला करार मुंबईच्या कचेरीतसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंचांनी, मोरू कारकुनानं आणि शेवटी धर्माजीनं नारळ उचलला. "पंचायतीच्या कामात जे कानावर पडंल ते मी कुठल्याबी मानसाला सांगनार न्हाय. सांगंन तर माजी जीभ झडो!" बाकीच्यांनी शपथ पुटपुटली. धर्माजीला पुटपुटायला येत नव्हतं. त्यामुळे करंजखाडीत गुप्ततेची शपथ झाली, ही बातमी तेव्हाच्या तेव्हा पलीकडच्या काठावरही पोचली.

आणि खरं सांगायचं तर धर्माजीला हे सगळं आवडलं. आयुष्यभर लोकांनी त्याला बातमी पोचवणारा म्हणून ओळखलं होतं. आता तो बातमी दाबून ठेवणारा झाला, म्हणजे एकदम साहेबलोकांच्या पंगतीत बसला. घरी जाऊन त्यानं धोतर सारखं केलं आणि बायकोला म्हणाला, "आवडे, आजपासून मी आतला मानूस."

"मग आत या, जेवायला वाढलंय," आवडाबाई म्हणाली.

आता पंतांच्या मते पंचायतीची कुठलीच गोष्ट बाहेरची नव्हती. पुढची सभा कधी, ही आतली बाब. पंचायतीनं झाडू किती घेतले, ही आतली बाब. देवी टोचणारा डॉक्टर कधी येणार, हीसुद्धा आतली बाब ठरली. तो बिचारा ठरल्या दिवशी पेटी घेऊन आला, रिकाम्या देवळात दिवसभर बसला, दोन शहाळी प्यायला आणि गावाच्या आरोग्याबद्दल समाधान व्यक्त करून परत गेला.

इथवर लोक हसत होते. मग आवडाबाईची म्हैस हरवली.

चांदी तिचं नाव. ती दावं तोडून कोणाचे तरी वाल खाऊन आली आणि पंचायतीच्या कोंडवाड्यात जमा झाली. कोंडवाड्याला चारा घालायचं काम धर्माजीकडे. तो सकाळी गवताचा भारा घेऊन गेला तर समोर घरचीच म्हैस. ती ओळखीनं पुढे आली. धर्माजी धावत पंतांकडे गेला.

"पंत, कोंडवाड्यात जनावर आलंय ते—"

"कोणाचं जनावर आहे ही पंचायतीची आतली बाब," पंत म्हणाले. "मालकानं स्वतः येऊन चौकशी करावी."

"पन मालकिनीला कळायचं कसं?"

"ती तिची बाब."

आवडाबाई म्हैस शोधत रानोमाळ फिरली. खारफुटीत चिखलात उतरली, बहिरीला नारळ बोलली, काशीदपर्यंत निरोप धाडला. संध्याकाळी थकून येऊन डोळ्याला पदर लावायची, आणि धर्माजी समोर बसून टॉवेलाचं टोक चावायचा. "अवं, तुमी इतकं फिरता, तुमाला कुटं दिसली न्हाय का वं?" ती विचारी. धर्माजी छताकडे बघे. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, यात माणसाला छताशिवाय बघायला जागा उरत नाही.

शेवटी ते गुपित म्हशीनंच फोडलं. आवडाबाई कोंडवाड्याजवळून मनुबाईशी बोलत चालली होती. धनिणीचा आवाज ऐकून चांदी आतून अशी रेकली की आवडाबाईच्या हातातली टोपली पडली. म्हशीनं नारळ उचललेला नव्हता. आणि त्याच वेळी धर्माजी गवताचा भारा डोक्यावर घेऊन दारातून आत शिरत होता.

त्या दिवसापासून आवडाबाईनं नवऱ्याशी अबोला धरला. शेजारच्या म्हाताऱ्या मनुबाईच्या तोंडून संसार चालला. "मनुमावशे, त्यांला सांग, भात वाढलाय." मनुबाई कुंपणाशी उभी राहून सांगे, "धर्मा, भात वाढलाय रं." धर्माजी हाताच्या अंतरावर बसून ते ऐके. त्याला आत काहीतरी टोचायला लागलं होतं, पण आतला माणूस व्हायची हौस अजून पुरती फिटली नव्हती.

ती फिटली गोडबावीच्या वेळी.

समुद्राकाठच्या गावाला पाणी सगळीकडे असतं आणि प्यायला कुठेच नसतं. करंजखाडीत घरोघरी विहिरी होत्या, पण सगळ्यांचं पाणी मचूळ. त्यात डाळ टाकली तर शिजता शिजत नाही, तासभर उकळून बाहेर काढली तरी दाण्याला दाणा टणक. गोडं पाणी एकाच विहिरीला, वाडीच्या टोकाला, तिला गोडबाव म्हणत. गावातली प्रत्येक डाळ तिच्या पाण्यावर शिजे, आणि तिथे आवडाबाई रोज दोन खेपा करी.

त्या सुमारास रतनशेठ नावाच्या मुंबईच्या व्यापाऱ्यानं किनाऱ्यावर बंगला बांधला. गोल चेहऱ्याचा, खुशालचेंडू माणूस. गोडबावीचं पाणी त्यानं एकदा चाखलं आणि तो पंतांकडे आला. "पंत, हे पाणी तर अमृत छे! इथे सोडावॉटरचा कारखाना काढू. गोळीच्या बाटल्या भरू, मुंबईला पाठवू. बाव मला भाड्यानं द्या. पंचायतीला रस्ता होईल, दिवे होतील." पंतांना रस्ता दिसला, दिवे दिसले. त्यात त्यांना स्वतःला एक कवडी मिळणार नव्हती, हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा उगाच त्यांच्यावर डोळे वटारेल. त्यांना बायका दिसल्या नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा. किंवा दिसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

पण एक अडचण होती. तालुक्याहून दंडक आला होता: गावाची विहीर कोणाला द्यायची तर गावात दवंडी पिटावी, हरकती मागवाव्या. पंचायतीनं मुदत धरली बहिरीच्या पालखीची; ती उचलेपर्यंत हरकत आली नाही, तर ठराव पक्का. पंतांनी यावर खूप विचार केला आणि धर्माजीला बोलावलं.

"धर्माजी, दवंडी पिटायची आहे."

धर्माजीचा चेहरा फुलला. कितीतरी दिवसांत डफाला हात लागला नव्हता.

"पण कोणाला ऐकू जाता कामा नये."

"म्हंजे?"

"म्हणजे दवंडी झाली पाहिजे. ती ऐकू गेली पाहिजे असं दंडकात कुठेही म्हटलेलं नाही."

धर्माजीनं डोकं खाजवलं. "पन पंत, ऐकाया कोनच नसंल, तर 'ऐका हो ऐका' म्हनायचं कोनाला?"

"ते वाक्य गाळ."

"आनि डफ?"

"डफ वाजलाच पाहिजे. नियम आहे." पंतांनी उठून दार लावलं. "घोंगडीत गुंडाळ."

भर दुपारी ओहोटीच्या वेळी धर्माजी किनाऱ्यावर गेला. पाणी पार आत गेलं होतं, वाळूवर माणूस नव्हतं. एक कुत्रं मागोमाग आलं होतं, त्याला त्यानं खडा मारून हाकललं. कुत्रं काही माणूस नव्हे, पण शपथेच्या बाबतीत जोखीम नको. घोंगडीतल्या डफावर त्यानं थाप मारली. उशीवर बुक्की मारावी तसा आवाज आला. बिळाबिळातून खेकडे बाहेर आले आणि डोळे वर करून उभे राहिले.

"गोडबाव," धर्माजी कुजबुजला, म्हणजे त्याच्या मानानं, "रतनशेटला सोडावाटरच्या कारखान्याला भाड्यानं द्यायचं पंचायतीनं ठरवलंय. गावच्या लोकांला पानी भराया मनाई ऱ्हाईल. कोनाची हरकत आसंल तर पालखीच्या आत कळवावी."

आणि हे बोलताना पहिल्यांदा त्याला ते ऐकू आलं. पंतांच्या तोंडून ऐकलं तेव्हा ती बातमी होती, आतली, इभ्रतीची. स्वतःच्या तोंडून निघाली तेव्हा त्यात आवडाबाईची घागर होती. मचूळ पाण्यात न शिजणारी डाळ होती. मनुबाई होती, जिला आता टेकडीपायथ्याच्या दुसऱ्या गावच्या विहिरीवर जावं लागलं असतं, आणि तिच्या गुडघ्यांना तर अंगणाची पायरीही झेपत नव्हती. धर्माजी वाळूवर मटकन बसला. खेकडे घाबरून बिळात गेले. एकानंही हरकत घेतली नाही.

"दिली?" पंतांनी विचारलं.

"दिली."

"हरकत?"

"एकबी न्हाय," धर्माजी म्हणाला, आणि त्याला स्वतःची किळस आली.

त्यानंतर धर्माजीचं पोट फुगायला लागलं. खोटं नाही, खरोखर फुगलं. जन्मात कधी काही पोटात ठेवलं नव्हतं, त्या पोटाला असल्या ओझ्याची सवय नव्हती. जेवण जाईना, झोप लागेना. कोणी "काय धर्माजी, काय खबर?" म्हटलं की तो तोंडात चिंचेचं बोटूक कोंबून पळ काढी. सांगितलं तर जीभ झडणार. न सांगितलं तर गोडबाव जाणार. सकाळी उठून तो आधी जीभ बाहेर काढून चाचपून बघे.

कोणी आपणहून ओळखलं तर बरं, म्हणून तो गोडबावीच्या काठावर जाऊन बसला. बसल्या बसल्या विहिरीकडे बघून त्यानं एक हुंदका दिला. बायकांनी ओळखलं ते भलतंच. "मेल्या, बाया पानी भरतात तिथं डोळं लावून बसलायस व्हय?" म्हणून सोनाबाईनं पोहऱ्याचा दोर त्याच्या पाठीत घातला. आवडाबाई घागर घेऊन समोरच उभी होती. ती काही बोलली नाही, कारण अबोला होता. पण तिनं ज्या नजरेनं बघितलं, त्यापेक्षा दोर बरा होता.

शेवटी तो चंदर गुरवाकडे गेला. "चंदर, द्येवाफुडं घेतलेली शपथ सुटते का रं?"

"ज्याच्याफुडं घेतली त्यालाच इच्यार," गुरव म्हणाला. "पालखी उचलायच्या आदी गाऱ्हानी असतात, तवा घाल तुजं गाऱ्हानं. काय हाय ते मला सांग, मी तुज्या वतीनं घालतो."

"तुला कसं सांगू? तू मानूस हायस."

गुरवानं यावर विचार केला. "मग सोताच घाल," तो म्हणाला.

पालखीचा दिवस उजाडला. देवळात, अंगणात, पार नारळीच्या बुंध्यापर्यंत गाव जमलं होतं. रतनशेठ जरीची टोपी घालून नारळ वाढवायला आला होता. पंत छत्री काखेत मारून खांबाला टेकून उभे होते, आणि मधूनमधून पालखीकडे बघत होते. ती खांद्यावर गेली की ठराव पक्का होणार होता.

गाऱ्हाण्यांचा रिवाज जुना. गुरव देवापुढं उभा राहून एकेकाचं दुखणं सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळं गाव पाठीमागून "व्हय म्हाराजा" म्हणतं. म्हणजे एकट्याचं मागणं एकट्याचं राहत नाही. इतक्या वर्षांच्या सवयीनं लोक काय चाललंय ते न ऐकताही बरोबर जागेवर "व्हय म्हाराजा" म्हणत, तोंडानं एकीकडे शेजाऱ्याशी गप्पा चालू ठेवून.

सगळी गाऱ्हाणी संपली तेव्हा धर्माजी पुढे झाला. उंबऱ्याच्या आत गेला, देवाच्या कानाशी वाकला आणि हळूच सांगायचं ठरवून बोलायला लागला. पण गाभारा दगडी होता, आणि गळा धर्माजीचा होता.

"बा बहिरीद्येवा म्हाराजा! आज तुजा धर्मा तुज्याफुडं गाऱ्हानं घालतो—"

"व्हय म्हाराजा!" बाहेरून गाव गरजलं. धर्माजी दचकला, पण रिवाज होता तो होता.

"तुज्याफुडं नारळ उचलून मी शपथ घेतली—"

"व्हय म्हाराजा!"

"ती मला सोसंना द्येवा, माजं पोट फुगलंय—"

"व्हय म्हाराजा!"

"ती सोडव, म्हाराजा. कारन गोडबाव रतनशेटला सोडावाटरच्या कारखान्याला द्यायचं ठरलंय—"

"व्हय म्हा—"

गावाचा आवाज मधेच अडकला. गप्पा थांबल्या. नारळ फोडायला उचललेला हात तसाच वर राहिला. धर्माजीनं मान वळवून बघितलं, तेव्हा त्याला कळलं की आपलं कुजबुजणं शेवटच्या नारळीपर्यंत गेलंय.

इथं त्याला थांबता आलं असतं. चुकून निघालं म्हणून पाया पडता आलं असतं. त्यानं तोंडात जीभ फिरवली, अजून होती. मग त्याला दारात मनुबाईचा हात धरून उभी असलेली आवडाबाई दिसली. धर्माजीनं पुन्हा देवाकडे तोंड केलं, आणि या वेळी कुजबुजण्याचा प्रयत्नही केला नाही.

"त्याची दवंडी मी दिली द्येवा! घोंगडीत डफ गुंडाळून खेकड्यांना दिली! गावाला कळू दिली न्हाय! आता तुजी पालखी उचलली की गावचं पानी गेलं! शपथ मोडली आसंल तर माजी जीभ घे म्हाराजा, पन पानी ठेव!"

मग दारातून बाईचा आवाज आला.

"हरकत हाय!"

आवडाबाई बोलली होती. आणि पाठोपाठ सगळं गाव, भोई, भटजी, पोरं, म्हाताऱ्या, एका आवाजात: "व्हय म्हाराजा!"

पुढचा गोंधळ बराच वेळ चालला. हरकती संपेपर्यंत भोई पालखीला खांदा लावायला तयार नव्हते, आणि हरकती काही संपत नव्हत्या. एकानं याच संधीत शेजाऱ्याच्या बांधावरही हरकत घेतली. पंत छत्री उगारून ओरडत होते, "शपथभंग! उघड उघड शपथभंग!"

"कसला शपथभंग?" चंदर गुरव म्हणाला. "त्यानं कोना मानसाला सांगितलं? त्याचं तोंड द्येवाकडं हुतं. आमच्याकडं तर पाठ हुती."

"आणि पंत," रतनशेठ कपाळाचा घाम पुसत पुढे आला, "तुम्ही तर बोलले सगळा गाव राजी छे! लोकांच्या शिव्या भरलेला सोडा कोण पिणार, भाई? मला नको तुमची बाव." तो खरोखर रागावला होता. त्याला फसवलं गेलं, असं त्याला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

या सगळ्यात धर्माजी देवळाच्या पायरीवर बसून येईल त्याला जीभ दाखवत होता. "बघ रं, सैल झालीय का?" गुरवानं निरांजन जवळ नेऊन नीट पाहिली. "हाय, हाय. जागच्या जागी हाय," त्यानं जाहीर केलं. तेव्हा कुठे पालखी उठली.

दुसऱ्या दिवशी देवळातच सभा झाली. शपथ मोडून टाका, असं पंच म्हणत होते, कारण ते आता सगळ्यात जास्त घाबरले होते. मनुबाई भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "द्येवाफुडची शपथ मोडू नका रं. तिला कुंपन घाला. वाडीला घालता तसं. कुंपन न्हाय म्हनून तर ती समद्या गावात चरत सुटली." ते सगळ्यांना पटलं. मग ठरलं की कोणाच्या घरातलं दुखणं, नवराबायकोचा तंटा, आणि चोरावर पाळत ठेवली असेल तर ती जागा, एवढंच पंचायतीच्या माणसानं पोटात ठेवायचं. पाणी, रस्ता, जनावर, डॉक्टर, गावाचं जे जे म्हणून आहे ते सगळं डफावर. पुन्हा नारळ उचलला गेला, आणि धर्माजीनं गावभर दवंडी पिटली. शेपटाला त्यानं सोनाबाईचा दोर किती लागतो तेही सांगितलं.

पंत सरपंचपद सोडायला निघाले होते. लोकांनी सोडू दिलं नाही. हा आता एकदा भाजलाय, नव्यानं दुसरा कशाला भाजा, असं लोकांचं म्हणणं पडलं.

त्याच संध्याकाळी पंत धर्माजीच्या अंगणात आले. आवडाबाई गोडबावीवर गेली होती. पंत छत्री मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. मग म्हणाले, "धर्माजी, मला माणसांची भीती वाटते रे. चार माणसं एकदम बोलायला लागली की माझे पाय लटपटतात. कचेरीत सगळी उमर दार बंद करून बसलो, तिथं बरं वाटायचं. त्या पाण्याचं लोकांना विचारायला हवं होतं, मला ठाऊक होतं. विचारायची छाती झाली नाही." आणि पेन्शनीतला तो माणूस धोतराच्या सोग्यात तोंड लपवून रडला. डोळे पुसून म्हणाला, "कोणाला सांगू नकोस."

धर्माजीनं जरा विचार केला. "हे पंचायतीचं हाय का तुमचं?"

"माझं."

"मग ऱ्हाऊ द्या," धर्माजी म्हणाला, आणि त्यांना पाणी आणून दिलं.

पुढे पंतांनी सरपंचकी बरी केली. सभा देवळात घेत, दारं उघडी ठेवून, आणि बोलताना एका हातानं खांब धरत. लोकांना वाटे वयामुळं असेल. धर्माजी आणखी काही वर्षं गावभर ओरडत हिंडला, गावानं त्याच्या तोंडून मुंबईचे संप ऐकले, मिठाचा सत्याग्रह ऐकला, आणि कोणाची मांजर व्यायली तेही ऐकलं. चौतीस सालच्या थंडीत तापानं तो गेला. आजारपणातही घरात त्यानं कोणाला शांत बसू दिलं नाही.

दहाव्याला सगळं गाव खाडीच्या काठावर जमलं होतं. पंत आता पार वाकले होते. पिंड ठेवून झाले, लोक उठायला लागले, तेव्हा ते काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, मला चार शब्द बोलायचेत. खांब नव्हता. त्यांचे पाय धोतराच्या आत लटलट कापताना सगळ्यांना दिसत होते. अंगणातली ती संध्याकाळ त्यांनी जशी घडली तशी सांगितली, रडल्याचंही सांगितलं. मग विचारलं, "तुमच्यापैकी कोणाला हे ठाऊक होतं?"

कोणालाच नव्हतं. धर्माजीला ठाऊक असलेली एक गोष्ट गावाला आठ वर्षं कळली नाही, यावर कोणाचा विश्वास बसेना. सगळ्यांच्या नजरा आवडाबाईकडे वळल्या.

"मला सुदिक न्हाय सांगितलं," ती म्हणाली, आणि नवरा गेल्यापासून कोरड्या डोळ्यांनी वावरणारी ती बाई तिथंच खाली बसून मोठ्यानं रडायला लागली.